गाणाऱ्याच्या पाठीमागें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजण रेडिओचा कान पिळून दुसरें स्थानक लावतील, अशी मला भीति वाटते. विषय आहे रॅप नांवाच्या गाण्याचा. आणि त्यांतही गाणाऱ्याचा नव्हे, तर गाणाऱ्याच्या पाठीमागें राहून त्याचें गाणें चार लोकांपर्यंत पोंचविणाऱ्या माणसाचा. बोलणारा मी हुपरीसारख्या गांवीं मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकवून निवृत्त झालेला शाळामास्तर. ह्याचा ह्या विषयाशीं संबंध काय, असें आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो माझ्या दृष्टीनें फारसा अभिमानाचा नाहीं. योग्य ठिकाणीं तो सांगेन.

आमचें हुपरी कोल्हापूर जिल्ह्यांत, हातकणंगले तालुक्यांत आहे. चांदीच्या दागिन्यांसाठीं, आणि विशेषतः पैंजणांसाठीं, त्याचें नांव दूरवर गेलें आहे. एक पैंजण पेढीच्या कांचेच्या कपाटांत जाऊन बसण्यापूर्वीं किती हातांतून जातें, हें बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतें. कोणी चांदी आटवितो, कोणी तिची तार ओढतो, कोणी कड्या जुळवितो, कोणी डाग देतो, कोणी घुंगरूं लावतो, कोणी झिलई करतो. हीं कामें पुष्कळदां निरनिराळ्या घरांतून होतात. आणि कड्या-घुंगरूंचें बारीक काम तर घरोघरच्या बायामाणसें संसार सांभाळून करतात. पुढें एखाद्या लग्नमंडपांत तें पैंजण वाजतें, तेव्हां लोक पायाकडे पाहतात. हातांची आठवण कोणाला होत नाहीं, आणि ती व्हावी अशी त्या हातांची अपेक्षाही नसते.

मात्र एक गोष्ट आमच्याकडे कटाक्षानें पाळतात. कारागिराच्या हातीं चांदी जाते ती वजन करून, आणि परत येते तीही वजन करून. मध्यें घट किती धरावयाची हें आधीं ठरतें आणि वहींत लिहिलें जातें. माल चांगला झाला कीं वाईट, ह्यावर मागाहून वाद होऊं शकतो. पण कोणाच्या हातीं किती चांदी दिली, ह्यावर वाद होऊन चालत नाहीं. ही वही आपण लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां रॅपकडे वळूं. ठेक्यावर, यमकें जुळवीत, गाण्यापेक्षां बोलण्याच्या जवळ जाणाऱ्या आवाजांत म्हटलेलें पद्य, अशी त्याची ढोबळ व्याख्या करतां येईल. हिप-हॉप हें त्याच्या कुळाचें नांव. ह्या कुळांत चार भावंडें मानतात. तबकड्या फिरवून ठेका धरणारा डीजे. शब्द म्हणणारा एमसी. जमिनीवर अंग घुसळून केलेलें नृत्य. आणि भिंतींवर रंगानें काढलेलीं अक्षरें. पांचवें भावंड म्हणून कोणी ज्ञानाला धरतात. जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला मात्र ह्या यादींत स्थान नाहीं. नवल असें कीं, ह्या कुळाचा जन्मच त्याच्या, किंबहुना तिच्या, हातून झाला.

ही हकीकत ११ ऑगस्ट १९७३ ची. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांत सेजविक ॲव्हेन्यूवर १५२० क्रमांकाची एक इमारत आहे. तेथें जमैका बेटांतून आलेलें कॅम्पबेल कुटुंब राहत असे. त्यांतील सिंडी नांवाच्या मुलीला शाळा सुरूं होण्यापूर्वीं नवे कपडे घ्यावयाचे होते आणि हातांत पुरेसे पैसे नव्हते. तिनें इमारतींतील सर्वांच्या उपयोगाचा दिवाणखाना भाड्यानें घेतला, कार्डांवर हातानें आमंत्रणें लिहविलीं, आणि प्रवेशाचा दर ठरविला: मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या लावावयाला तिनें आपला अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह ह्याला बसविलें. हाच पुढें कूल हर्क ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. गाण्यांतील नुसत्या ढोलाचा तुकडा आला कीं नाचणारीं मुलें अंगांत आल्यासारखीं नाचतात, हें त्यानें हेरलें. आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीनें फिरवून तोच तुकडा पुन्हां पुन्हां वाजविण्याची युक्ति काढली. त्या ठेक्यावर शब्द आले, आणि त्यांतून रॅप उभें राहिलें.

आज जग त्या दिवसाला हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणतें आणि हर्कला त्याचा जनक मानतें. तें योग्यच आहे. परंतु जागा ठरविणारी, दर ठरविणारी, आमंत्रणें पाठविणारी आणि दाराशीं हिशेब राखणारी जर कोणी नसती, तर त्या रात्रीं तो मुलगा आपल्या खोलींतच तबकड्या फिरवीत बसला असता.

अशा माणसाला आजचीं मुलें प्रमोटर म्हणतात. शब्द परका आहे, माणूस परका नाहीं. पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं दरवर्षीं गुढीपाडव्याच्या आधींच्या दिवसांत तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे पंच यात्रेसाठीं तेथें येतात, राहुटींत बसून तारीख आणि बिदागी ठरवितात, आणि सुपारी देऊन जातात. राहुटींत गादीवर बसलेला तो मॅनेजर कधीं बोर्डावर दिसत नाहीं. पण कोणत्या रात्रीं कोणत्या गांवीं ढोलकी वाजावयाची, हें त्याच्या वहींत लिहिलेलें असतें. फडावर पन्नास-साठ माणसांचें पोट असतें. सुपारी कमी पडली तर चूल कोणाची विझते, हें त्याला पाठ असतें.

शाहिरीचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. होनाजी बाळा हें नांव आपण लहानपणापासून ऐकतों, आणि पुष्कळांना तें एकाच माणसाचें नांव वाटतें. वस्तुतः तीं दोन माणसें होतीं. होनाजी शिलारखाने हा रचना करणारा, आणि बाळा करंजकर हा ती गाणारा. एकाच्या लेखणीचें आणि दुसऱ्याच्या गळ्याचें मोल सारखें धरून त्यांचा फड एकाच जोडनांवानें चालला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत, लेखी करारमदार कांहीं नसतां, दोघांनीं श्रेयाची अशी वाटणी केली कीं शंभर-दोनशें वर्षांनीं त्यांतला एक काढूं म्हटलें तरी निघत नाहीं.

आतां आपल्या काळांत येऊं. मुंबईच्या वस्त्यांतून हिंदी रॅप करणारे नेझी आणि डिव्हाइन हे २०१४-१५ च्या सुमारास पुढें आले, आणि २०१९ सालीं आलेल्या ‘गली बॉय’ चित्रपटानें ही गोष्ट घरोघरीं पोंचविली. मराठीही मागें राहिली नाहीं. मुंबईंत २०१३ पासून ‘स्वदेशी’ नांवाचा एक मेळा आहे. त्यांत निरनिराळ्या भाषांत रॅप होतें, आणि मराठीला त्यांत मानाचें पान आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हा ह्याच मेळ्यांतून मराठी शब्द घेऊन पुढें आला. ह्या मेळ्यानें २०१९ सालीं आरेच्या जंगलावरील आदिवासींच्या हक्काविषयीं ‘द वारली रिव्होल्ट’ हें गाणें काढलें. त्यांत आरेचे वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर ह्यांचा आवाज आहे, आणि गाण्याच्या शीर्षकांत मेळ्याच्या नांवाबरोबर त्यांचें नांव आहे. मला त्या गाण्यांतील ही गोष्ट फार आवडली.

हीं मुलें स्वतःला स्वतंत्र म्हणवितात. त्याचा अर्थ एवढाच कीं, कोणत्याही मोठ्या कंपनीशीं त्यांचा करार नसतो. ध्वनिमुद्रण बहुधा घरच्याच खोलींत, खिडकीला गोधडी लावून होतें. गाणें जगापुढें ठेवावयाचें तर एखाद्या वितरकाकडे वर्षाची वर्गणी भरली म्हणजे झालें. दुसऱ्या दिवशीं तें हुपरींत आणि ह्यूस्टनमध्यें एकाच वेळीं ऐकूं येतें. पण जें कोणालाही करतां येतें, तें लाखोजण करतात. गाणें जगापुढें ठेवणें सोपें झालें, आणि तें कोणाच्या कानांवर पडणें मात्र पूर्वींइतकेंच कठीण राहिलें. म्हणून ह्या स्वतंत्र मुलांनाही एका माणसाची गरज लागते. कंपनीच्या कचेरींत दहा माणसें जें काम करतात, तें हा एकटा आपल्या दुचाकीवरून करतो.

असा एक माणूस माझा विद्यार्थी आहे. त्याचें नांव मी सांगणार नाहीं. पडद्यामागें राहण्याचा त्याचा हक्क मी मान्य केला आहे. त्याची आई घुंगरूं लावण्याचें काम करी, वडील तार ओढीत. वय तिशीच्या थोडें पुढें. दिवसा तो चांदीचा माल घेऊन पेढ्यांवर फिरतो, आणि संध्याकाळनंतर कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली ह्या भागांतील रॅप करणाऱ्या मुलांचे कार्यक्रम जुळवितो.

कांहीं वर्षांपूर्वीं एके दिवशीं तो हातांत कागद घेऊन माझ्या दारांत उभा राहिला. “गुरुजी, पोलीस ठाण्याला द्यायचा अर्ज आहे. तेवढं शुद्धलेखन बघा की.” अर्ज वाचून मीं नाक मुरडलें. रॅप म्हणजे नुसता गोंगाट, असें माझें तेव्हां ठाम मत होतें. परंतु अर्ज नेटका होता. तो मीं तपासला, आणि पुढच्या अर्जालाही तो आला. असें होतां होतां मी त्याच्या कामाचा साक्षीदार झालों.

तें काम काय असतें? प्रथम जागा पाहावयाची, तिचें भाडें आणि अनामत भरावयाची. मग परवानगी. कार्यक्रम उघड्यावर असेल तर रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनीं मनाई आहे, म्हणून साऱ्या संध्याकाळचें वेळापत्रक त्या दहाच्या ठोक्यापासून उलट मोजीत यावयाचें. ध्वनिक्षेपकवाला वरातींना सरावलेला असतो; त्याच्या भोंग्यांतून छाती हादरते, पण शब्द ऐकूं येत नाहीं. रॅपमध्यें शब्द गेला कीं सारेंच गेलें. म्हणून दुपारींच त्याच्यापाशीं उभें राहून आवाज बसवून घ्यावयाचा. कोण आधीं म्हणणार, कोण नंतर, ह्यावरून रुसवेफुगवे मिटवावयाचे. नवख्या पोराला रिकाम्या खुर्च्यांपुढें उभें करावयाचें नाहीं, आणि त्याच्यासाठीं नामांकितालाही ताटकळत ठेवावयाचें नाहीं. पाणी, वडापाव, परगांवच्या मुलांची निजण्याची सोय, रात्रींच्या परतीच्या गाड्या. मुली आल्या असतील तर त्या घरीं पोंचल्याचा निरोप आल्याशिवाय हा स्वतः निजत नाहीं. हें सारें झाल्यावर तिकिटाचे पैसे मोजावयाचे, आणि आधीं ध्वनिक्षेपकवाला, मग गाणारे, मग जागेचें राहिलेलें भाडें, ह्या क्रमानें चुकते करावयाचे. शेवटीं उरलें तर तें ह्याचें. पुष्कळदां उरत नाहीं.

जाहिरातीचें कामही त्याच्याकडेच. ब्रॉन्क्समध्यें बडी एस्क्वायर नांवाचा एक चित्रकार होता. अक्षरलेखन तो स्वतःच, ग्रंथालयांतील पुस्तकें पाहून शिकला. आणि १९७८ नंतरच्या पांचसहा वर्षांत हिप-हॉपच्या मेळ्यांचीं शेंकडों हस्तपत्रकें त्यानें हातानें काढलीं. तो २०१४ सालीं वारला. रस्त्यावर वाटून दुसऱ्या दिवशीं केराच्या टोपलींत जावयाचे ते कागद. आज अशीं पत्रकें अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठानें जपून ठेवलीं आहेत, कारण त्या काळीं कोण कोठें गायलें ह्याचा तोच लेखी पुरावा आहे. ही गोष्ट मीं माझ्या विद्यार्थ्याला सांगितली, तेव्हांपासून आपल्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशीं तो तें काढणाऱ्याचें नांव बारीक अक्षरांत घालतो.

त्याच्याजवळ एक लांब पानांची वही आहे, आमच्या गांवच्या हिशेबाच्या पद्धतीची. तींत प्रत्येक गाण्याला एक पान. शब्द कोणाचे, ठेका कोणाचा, आवाज कोणाचा, ध्वनिमुद्रण कोणीं केलें, पैसे कोणीं घातले, आणि आलेल्या पैशांत कोणाचा वाटा किती. खालीं सर्वांच्या सह्या. ह्या सह्या तो गाणें बाहेर पडण्यापूर्वीं घेतो. मीं कारण विचारलें, तर म्हणाला, “चांदी दिल्यावर वजन करून काय उपयोग, गुरुजी?”

ह्या वहीचें महत्त्व कळण्यासाठीं पुन्हां एकदां अमेरिकेंत जावें लागेल. १९७९ सालीं सिल्व्हिया रॉबिन्सन ह्या बाईंच्या शुगर हिल कंपनीनें ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी काढली. रॅपची पहिली तबकडी ती नव्हे, पण अमेरिकेबाहेर रॅप ऐकूं गेलें तें प्रामुख्यानें तिच्यामुळें. तींत गाणाऱ्या तिघांपैकीं एक होता बिग बँक हँक. हा स्वतः रॅप करणारा नव्हता. ग्रँडमास्टर कॅझ नांवाच्या ब्रॉन्क्समधील एका कवीचा तो व्यवस्थापक, म्हणजे पाठीमागचा माणूस, होता. कंपनीनें बोलावल्यावर त्यानें कॅझची कवितांची वही मागून घेतली आणि तींतील पद्यें आपलीं म्हणून म्हटलीं. त्यांत कॅझनें स्वतःचें टोपणनांव गुंफलें होतें, तेंही ह्यानें तसेंच म्हणून टाकलें. तबकडीवर कॅझचें नांव आलें नाहीं, आणि तिच्या उत्पन्नाचा वाटाही त्याला मिळाला नाहीं.

ह्याच तबकडीचा ठेका ‘शीक’ नांवाच्या वाद्यवृंदाच्या गाण्यावरून घेतलेला होता. त्यांनीं कायद्याचा बडगा दाखविला, तेव्हां त्यांचीं नांवें तबकडीवर आलीं. ज्यांच्याजवळ वकील होता त्यांना नांव मिळालें. ज्याच्याजवळ नुसती वही होती, त्याची वहीही गेली.

श्रोतेहो, हँकवर राग येणें सोपें आहे. मला तो येत नाहीं, आणि त्याचें कारण सांगण्याची वेळ आतां आली आहे.

मी नोकरींत असतांना एका वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं राजर्षि शाहू महाराजांवर पोवाडा रचीत होतों. दोन चौक झाले. तिसऱ्यांत राधानगरीच्या धरणाचा प्रसंग होता, आणि तेथें माझें अडलें. शब्द येत, पण कोरडे येत. सातवींतला एक मुलगा माझ्या टेबलापाशीं रेंगाळत असे. दुसऱ्या दिवशीं त्यानें पाठकोऱ्या कागदावर तो चौक लिहून आणला. मीं चार-दोन शब्द फिरविले आणि तो पोवाड्यांत घातला. संमेलनांत टाळ्या पडल्या त्या त्याच चौकाला. छापील कार्यक्रमपत्रिकेवर रचनाकार म्हणून माझें एकट्याचें नांव होतें. पाहुण्यांनीं मला नारळ आणि शाल दिली. तो मुलगा त्या वेळीं पडद्याची दोरी धरून आंत उभा होता. “ह्याचे शब्द आहेत,” एवढें वाक्य मला म्हणतां आलें असतें. मीं म्हटलें नाहीं. शिक्षकानें विद्यार्थ्याकडून करून घेतलेलें तें शिक्षकाचेंच, अशी मीं स्वतःची समजूत घातली. त्या मुलानें पुढें शाळेंत असेपर्यंत एकही ओळ लिहून आणली नाहीं.

तोच मुलगा म्हणजे हा वही बाळगणारा माझा विद्यार्थी.

आमच्यांत ह्या गोष्टीचा उच्चार कधीं झाला नव्हता. मग एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीं तो माझ्याकडे आला. परगांवचा एक नांवाजलेला गाणारा दुसऱ्या दिवशीं येणार होता, आणि त्याच दिवशीं त्याचें नवें गाणें प्रसिद्ध व्हावयाचें होतें. गाण्यांतील दुसरें कडवें आमच्याच भागांतील एका झिलईकाम करणाऱ्या पोरानें लिहिलें होतें. वितरकाचा नमुना भरतांना गीतकाराचा रकाना आला, तेव्हां गाणाऱ्यानें दूरध्वनीवरून बजावलें, “माझं एकट्याचंच नांव घाल. त्या पोराला पांच हजार देऊन टाकूं.” पोरगाही तयार होता. “दादा, घाल त्याचंच. माझे शब्द बाहेर तर पडतील,” असें तो म्हणत होता. नाहीं म्हटलें तर गाणारा येणार नाहीं. आणि जागेची अनामत, छपाई, ध्वनिक्षेपक, सर्वांचे पैसे ह्याच्या खिशांतून गेलेले. “गुरुजी, काय करूं?” असें त्यानें मला विचारलें.

त्या रात्रीं मला उपदेश करवेना. मीं त्याला त्या तिसऱ्या चौकाची गोष्ट सांगितली. माझी चूक झाली, असें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला, मग हसून म्हणाला, “मला आठवतंय की, गुरुजी. पत्रिका अजून घरांत आहे.” मीं म्हटलें, “मग तुझा निर्णय तूंच कर. मी पेन्शनीवर आहें. तत्त्वाची किंमत मला द्यावी लागणार नाहीं, तुला लागेल.”

त्यानें रकान्यांत दोन्ही नांवें लिहिलीं आणि तसें कळविलें. गाणारा आला नाहीं. त्यानें तें कडवें काढून, दुसरें घालून गाणें प्रसिद्ध केलें, आणि तें पुष्कळ चाललें. इकडे तिकिटाचे पैसे परत करावे लागले, अनामत बुडाली. तें देणें माझ्या विद्यार्थ्यानें वर्षभर फेडलें. झिलईवाला पोरगा महिनाभर त्याच्याशीं बोलला नाहीं. आपली संधि ह्यानेंच घालविली, असें त्याचें म्हणणें. पुढें त्याच कडव्यावरून त्यानें आपलें स्वतःचें गाणें केलें. तें थोड्यांनींच ऐकलें आहे. ह्या व्यवहारांत सत्याचा जय झाला, असें म्हणून मी आपली दिशाभूल करणार नाहीं. एवढेंच झालें कीं, वजन बरोबर राहिलें. आणि तो पोरगा अजून लिहितो आहे.

ह्या बाबतींत कायदाही थोडा गाणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या मदतीला आला आहे, तें पालकांनीं माहीत करून घ्यावें. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. त्यांत २०१२ सालीं मोठी दुरुस्ती झाली. तिच्या अन्वयें, ध्वनिमुद्रित गाण्याच्या उपयोगापासून होणाऱ्या उत्पन्नांतील आपला समान वाटा शब्द लिहिणाऱ्याला व चाल बांधणाऱ्याला सोडून देतां येत नाहीं. वारस, अथवा हें मानधन गोळा करणारी नोंदणीकृत संस्था, ह्यांखेरीज दुसऱ्या कोणाला तो लिहून देतां येत नाहीं. कोणीं तसें लिहून घेतलें तरी तें टिकणारें नव्हे. गीतकार-संगीतकारांच्या वतीनें हें मानधन गोळा करणारी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही संस्था मुंबईंत १९६९ पासून आहे. परंतु नांवच नोंदलें गेलें नाहीं, तर संस्था पैसे पाठविणार कोणाला? प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आज बारा अक्षर-अंकांची एक जागतिक खूण मिळते. त्या खुणेबरोबर जीं नांवें पहिल्या दिवशीं लिहिलीं गेलीं, तींच सर्वत्र पसरतात. कायदा पुस्तकांत असतो; त्याला माणसाच्या दारापर्यंत आणणारा रकाना हा पाठीमागचा माणूस भरतो.

सिंडी कॅम्पबेल आणि बिग बँक हँक हीं दोघेंही पाठीमागचींच माणसें. जागा पाठीमागचीच असली तरी तेथें उभें राहून माणूस दाराशीं चोख हिशेब ठेवूं शकतो, किंवा वही मागून नेऊं शकतो. प्रेक्षकांना त्यांतलें कांहीं दिसत नाहीं, आणि म्हणूनच तेथें उभें राहणाऱ्याची कसोटी अधिक कडक असते. मीं दहा वर्षांच्या मुलांना प्रामाणिकपणाचे धडे दिले, आणि माझी कसोटी एका पडद्याच्या दोरीपाशीं झाली.

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी खोलीचें दार लावून ठेक्यावर कांहीं पुटपुटत असेल. किंवा स्वतः न गातां, गाणाऱ्या मित्रासाठीं धांवपळ करीत असेल. आवाज कमी कर, अभ्यासाला बस, असें आपण म्हणतां. तेंही योग्यच आहे. पण एकदां त्याला जवळ बसवून विचारावें: तुमच्या गाण्याचे शब्द कोणाचे? ठेका कोणाचा? तें कोठें लिहून ठेवलें आहे? उत्तर देतां आलें नाहीं, तर एक लांब पानांची वही आणून द्यावी. दुकानांत ती फार महाग मिळत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याच्या घरीं गेल्या दिवाळींत गेलों होतों. त्याच्याजवळची ती जुनी कार्यक्रमपत्रिका मीं मागून घेतली, आणि माझ्या नांवाशेजारीं त्याचें नांव शाईनें लिहून खालीं तारीख घातली. तो म्हणाला, “आतां कशाला, गुरुजी?” उशीर झाला होता, हें मला ठाऊक होतें. तरी नोंद केली. आपलें भाषण मी येथेंच संपवितों.